जुन्या घरात सोयीचे स्वयंपाकघर

घरोघरी मातीच्या चुली, अशी आपल्याकडे म्हण आहे. सगळ्यांच्या घरी अडचणी सारख्याच, असा तिचा अर्थ. पण आज आपण म्हणीतली चूल बाजूला ठेवू आणि खरोखरच्या चुलीकडे पाहू. घरातली बाई सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे बसते. तिचे डोळे चुरचुरतात. पदराने डोळे पुसत ती फुंकणी फुंकते. रात्री तिला खोकला येतो. आपण म्हणतो, "चालायचंच." हे चालायचंच का, याचा विचार या पाठात करू.

नगर जिल्ह्यातले केडगाव घ्या. नगर-पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेच्या देवळाचे हे गाव. नगर शहर वाढत गेले आणि केडगाव आता महानगरपालिकेत आले. जिल्ह्याचे नावही २०२४ साली अहिल्यानगर झाले. तिथे नव्या इमारती उभ्या राहिल्या. नव्या घरात ओटा, नळ, खिडकी हे सारे आधी आखून मग भिंती बांधतात. जुन्या घराचे तसे नाही. पुढे ओसरी, मग माजघर, त्याच्या मागे किंवा बाजूला स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. आजोबा-पणजोबांनी जागा ठरवून दिल्या. त्या आता हलत नाहीत.

मग पुष्कळ जण म्हणतात, "जुनं घर, त्यात काय सुधारणार? पैसा आला की पाडून नवं बांधू." पैसा यायला वर्षे लागतात. तोवर चुलीपुढची बाई धूरच खात राहते. घर पाहावे बांधून, असे म्हणतात ते उगीच नाही. नवे घर बांधणे मोठे काम आहे. पण आहे त्या घरात, आहेत त्या भिंतींत, स्वयंपाकघर सुधारता येते. ते कसे, हे पायरीपायरीने पाहू.

१. घर कशावर उभे आहे?

काहीही फोडण्याआधी हा प्रश्न विचारावा. जुन्या घराचा भार कुठे खांबांवर आणि तुळयांवर असतो, कुठे जाड भिंतींवर असतो. दोन खांबांमधल्या जागेला आपण खण म्हणतो. स्वयंपाकघर एक खणाचे असो की दोन खणांचे, खांब आणि तुळई यांना हात लावू नये. खांब मध्ये येतो, अडचण होते, हे खरे. पण तोच वरचे माळवद पेलून धरतो. माळवद म्हणजे लाकडावर माती घालून केलेले सपाट छप्पर. त्या मातीचे ओझे थोडेथोडके नसते.

भिंतीत खिडकी पाडायची असेल तर तुळईचे टोक कोठे टेकले आहे ते आधी पाहावे. त्या टोकाखाली खिडकी घेऊ नये. कोपऱ्यातही घेऊ नये. दोन तुळयांच्या मधली जागा बरी. खिडकीच्या वर भक्कम लाकूड किंवा लांब दगड आधी बसवावा, मग खालचा भाग फोडावा. हे काम जाणत्या गवंड्याच्या हातूनच करून घ्यावे. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच असेल, तर त्याला विचारल्याशिवाय टिकाव उचलू नये.

म्हणजे काय ठरले? खांब, तुळई आणि मुख्य भिंती जागच्या जागी राहू द्याव्यात. धूर, उजेड, पाणी आणि सामान यांच्या वाटा मात्र बदलाव्यात.

२. धूर कोठे जातो?

एक सोपा प्रयोग करा. चूल पेटलेली नसताना स्वयंपाकघरात एक उदबत्ती लावा. तिचा धूर कोठे जातो ते पाहा. तो आधी वर चढतो. वर वाट असेल तर बाहेर जातो. वाट नसेल तर आढ्याशी साठतो आणि हळूहळू खाली उतरतो. चुलीचा धूरही असाच वागतो. म्हणून धूर बाहेर जायची वाट उंचावर हवी आणि ताजी हवा आत यायची वाट खाली हवी. नुसते वर भोक पाडले आणि दार लावून घेतले, तर धूर नीट निघत नाही.

जुन्या लोकांना हे माहीत होते. म्हणून माळवदात ते साने ठेवत. साने म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी छपरात ठेवलेले भोक. पुष्कळ घरांत पावसाच्या भीतीने साने बुजवून टाकतात किंवा त्यावर फरशी ठेवतात. मग धूर घरातच कोंडतो. तुमच्या घरात बुजवलेले साने आहे का, ते आधी शोधा. असेल तर ते मोकळे करा. त्याच्या कडेने उंचवटा बांधा आणि वर चार पायांवर पत्र्याची टोपी बसवा. पाऊस आत येणार नाही आणि धूर बाजूंनी निघून जाईल.

साने नसेल तर भिंतीत, छताच्या अगदी खाली, झरोका घ्यावा. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. झरोक्याचे तोंड तिकडे असले तर वारा धूर परत आत ढकलतो आणि पाऊसही आत येतो. म्हणून जमल्यास दुसऱ्या बाजूची भिंत निवडावी.

धुराने फक्त डोळे चुरचुरतात असे नाही. धुरात इतके बारीक कण असतात की ते थेट फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्यांनी मुलांना न्यूमोनिया होतो. मोठ्यांना दम लागण्याचा जुनाट आजार जडतो. हृदयाचे दुखणे वाढते. मोतीबिंदूही लवकर होतो. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांच्या आतली २ लाख ३७ हजारांहून जास्त मुले होती. आई स्वयंपाक करते तेव्हा तान्हे मूल तिच्याजवळच असते. जो धूर आई घेते, तोच मूल घेते.

३. चुलीचा विचार कोणी केला?

चूल सुधारावी, हा विचार आजचा नाही. वर्ध्याला मगनवाडी आहे. तिथे १९३४ साली ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. अर्थशास्त्र जाणणारे जे. सी. कुमारप्पा यांनी ते काम चालवले. तेलघाणी, हातकागद यांबरोबर तिथे चुलीचाही विचार झाला. त्यातून मगनचूल निघाली. ही चूल मातीचीच असते. एका जाळावर एकापेक्षा जास्त भांडी बसतात. आच एका भांड्याखालून पुढच्या भांड्याखाली जाते आणि उरलेला धूर धुराड्यातून घराबाहेर पडतो. हैदराबादला एस. पी. राजू नावाच्या इंजिनियरांनीही बिनधुराच्या स्वयंपाकघरावर १९५३ साली पुस्तिका काढली आणि चुलीचा नमुना दिला.

पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारलेल्या चुलींचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ सालापर्यंत चालला. लाखो चुली बसल्या. पण त्यांतल्या पुष्कळ थोड्याच दिवसांत मोडल्या किंवा बंद पडल्या. का बरे? कुठे चुलीचे तोंड घरच्या सरपणाला लहान पडले. कुठे भाकरीचा तवा नीट बसेना. कुठे धुराडे काजळीने भरले आणि ते साफ कसे करायचे हे कोणी सांगितलेच नाही. यातून एक धडा घ्यावा. जी बाई चुलीपुढे बसते, तिला विचारल्याशिवाय चूल बदलू नये.

४. सासू-सुनेचे बोलणे

असेच एक घर डोळ्यांपुढे आणा. सूनबाईला चूल बदलायची आहे. सासूबाईंच्या मनात शंका आहे.

सून : आत्याबाई, चुलीला धुराडं करू या का? बाळाला सारखा खोकला येतोय.

सासू : अगं, ही चूल माझ्या सासूनं मांडलेली. चुलीची जागा हलवू नये म्हणतात.

सून : जागा नाही हलवायची. चूल तिथंच राहील, तोंडही तिकडंच राहील. मागच्या भिंतीतून फक्त नळ बाहेर काढायचा.

सासू : आणि भाकरीचं काय? भाकर आरावर शेकली नाही तर फुगत नाही. तुझ्या सासऱ्यांना तशी भाकर चालायची नाही.

सून : म्हणूनच तुम्हांला विचारते. चुलीचं तोंड किती रुंद ठेवायचं, आर कुठं ओढायचा, ते तुम्हीच गवंड्याला सांगा.

सासू : मग बरं. उद्या माती भिजत घाला. पण तवा मी बसवून बघीन, मगच चूल लिंपायची.

पाहा, जागा तीच राहिली आणि मानही राहिला. बदलली फक्त धुराची वाट. सासूबाईंची शंकाही खरी होती. तिच्यामुळेच चूल उपयोगाची झाली.

धुराडे करताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, नळ सुमारे चार इंच रुंद असावा आणि छपराच्या वर दोन-तीन फूट निघावा. दुसरी, नळ लाकडाला टेकू देऊ नये. तुळई, कडी आणि नळ यांच्यामध्ये चांगले अंतर ठेवावे. नळ तापतो आणि वाळलेले लाकूड पेट घेते. तिसरी, महिन्यातून एकदा धुराड्यातली काजळी काढावी. चौथी, जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे नळ कापू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट.

माळवदातून नळ काढला तर त्या जागी पावसाळ्यात गळण्याची भीती असते. म्हणून जमेल तिथे नळ भिंतीतून बाहेर काढावा आणि भिंतीच्या बाहेरून वर न्यावा. सरपणही वाळलेलेच वापरावे. ओले लाकूड जास्त धूर करते आणि आच कमी देते. डाळ आधी भिजवली आणि भांड्यावर झाकण ठेवले, तर सरपण कमी लागते. या दोन गोष्टींना एक पैसाही पडत नाही.

५. पावलांचा हिशेब

आता जागेकडे वळू. स्वयंपाकघर लहान असले म्हणजे गैरसोयीचे असते, असे नाही. जर्मनीत फ्रँकफर्ट नावाचे शहर आहे. तिथे १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या बाईंनी कामगारांच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखले. ते जेमतेम सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब होते. आगगाडीच्या डब्यातले चिंचोळे स्वयंपाकघर त्यांनी पाहिले होते. बाई किती पावले चालते, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे त्या शहरात झाली.

आपले घर वेगळे, आपला स्वयंपाक वेगळा. पण पावले मोजायची युक्ती आपणही घेऊ शकतो. समजा, घडवंचीवर पाण्याचे हंडे आहेत आणि ती चुलीपासून १२ फुटांवर आहे. दिवसात २० वेळा पाणी घ्यायला उठावे लागते. आता हिशेब करा.

एका वेळी जाऊन येऊन : १२ + १२ = २४ फूट.
दिवसात : २४ × २० = ४८० फूट.
वर्षात : ४८० × ३६५ = १,७५,२०० फूट.

हे अंतर सुमारे ५३ किलोमीटर होते. म्हणजे केडगावाहून पायी निघावे आणि जवळजवळ शिरूर गाठावे, इतके. घडवंची चुलीपासून ३ फुटांवर आणली, तर तेच अंतर सुमारे १३ किलोमीटर होईल. एक भिंतही न फोडता चाळीस किलोमीटरची चाल वाचली. कंबर वाकवून उठणे-बसणे वाचले ते वेगळेच.

म्हणून एक दिवस स्वयंपाकघरात बसून नुसते पाहावे. कोणती वस्तू दिवसात किती वेळा लागते? तिखट-मीठ, पीठ, तेल, पाणी या रोजच्या वस्तू हाताच्या अंतरावर ठेवाव्यात. वर्षाच्या डाळी, पापड-कुरडया, पाहुण्यांची भांडी उंच फळीवर किंवा माजघरात ठेवावीत. जुन्या जाड भिंतीत कोनाडे असतात. त्यांत फळी बसवली की झाले फडताळ. जाते आता रोज फिरत नसेल, तर ते कोपऱ्यात हलवावे. तेवढी जागा मोकळी होते. भिंतींना चुना लावावा. काजळलेली काळी भिंत उजेड गिळते. पांढरी भिंत तो परत देते.

६. बसून काम की उभ्याने?

नव्या घरात ओटा पाहिला की आपल्यालाही ओटा हवासा वाटतो. ओट्याने गुडघ्यांना आराम मिळतो आणि रांगते मूल विस्तवापासून लांब राहते. पण दुसऱ्याच्या मापाचा ओटा आपल्याला उपयोगी नाही. बाईने सरळ उभे राहून कोपर वाकवावे. कोपरापासून चार ते सहा बोटे खाली ओट्याची वरची कड यावी. ओटा उंच झाला तर खांदे दुखतात, बुटका झाला तर कंबर. शेगडी ठेवायची असेल तिथे ओटा आणखी थोडा खाली घ्यावा. कारण शेगडीची उंची वर मिळते.

भाकरीचा विचार वेगळा करावा. भाकरी थापताना हातावर अंगाचा भार द्यावा लागतो. उंच ओट्यावर तो देता येत नाही. म्हणून काथवट ठेवायला थोडी बुटकी जागा हवी किंवा खाली पाटावर बसूनच भाकरी थापावी. चिरणे, निवडणे, भांडी विसळणे ही कामे ओट्यावर आणि भाकरी खाली, असेही चालते. सगळे एकाच उंचीवर आणण्याचा हट्ट धरू नये.

ओटा माळवदाच्या खांबाला बांधून घेऊ नये. खांबाभोवती थोडी फट ठेवावी. फट असली म्हणजे खांबाच्या पायथ्याला हवा लागते, ओल धरत नाही आणि वाळवी लागली तर लगेच दिसते.

७. मोरीचे पाणी

मातीच्या घराचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. मोरीचे पाणी भिंतीत मुरले तर भिंत खालून ठिसूळ होते. घर कोसळते ते पुष्कळदा अशाच ओलीने. म्हणून मोरी नेहमी बाहेरच्या भिंतीला असावी, मधल्या भिंतीला नसावी. मोरीत फरशी घालावी आणि कडेने भिंतीला वीतभर सिमेंट किंवा फरशी चढवावी. फरशीला दर चार फुटांना एक इंच उतार द्यावा. पाणी नळीने भिंतीपासून लांब, परसात न्यावे. तिथे केळी, आळू किंवा कढीपत्ता लावावा. जास्त पाणी असेल तर शोषखड्डा करावा. पण विहिरीपासून किंवा बोअरपासून तो लांब हवा.

८. गॅस आला, पण ठेवायचा कोठे?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तेव्हापासून पुष्कळ गरीब घरांतही गॅस पोचला. धुराड्याची चूल साध्या चुलीपेक्षा बरी, पण धूर ती अगदी नाहीसा करत नाही. गॅस तिच्याहून पुष्कळ स्वच्छ आहे. तरी सिलिंडर महाग पडतो म्हणून किंवा भाकरीसाठी म्हणून अनेक घरांत चूलही राहते. जुन्या लहान स्वयंपाकघरात दोन्ही एकत्र येतात. तिथे जपावे लागते.

धूर वर जातो हे आपण पाहिले. सिलिंडरमधला गॅस मात्र हवेपेक्षा जड असतो. तो गळाला तर जमिनीवर साठतो. म्हणून गॅसच्या खोलीत खालीही हवेला वाट हवी. सिलिंडर खड्ड्यात, तळघरात किंवा बंद कपाटात ठेवू नये. तो नेहमी उभा ठेवावा. शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. पेटती चूल आणि सिलिंडर जवळजवळ ठेवू नयेत. चूल एका टोकाला, गॅस दुसऱ्या टोकाला, असे करावे. जागा अगदीच कमी असेल तर चूल परसातल्या पडवीत न्यावी.

गॅसचा वास आला तर काडी ओढू नये. दिव्याचे बटण लावू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांनी बाहेर पडावे. बाहेर जाऊन १९०६ या नंबरावर फोन करावा. हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ लावून ठेवा. तुम्हांला आता लिहिता येते.

९. आधी काय, मग काय?

सगळे एकदम करायला जाऊ नये. त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. क्रम असा लावावा.

पहिल्या आठवड्यात बिनपैशाची कामे. सामान हलवणे, घडवंची जवळ आणणे, साने मोकळे करणे, सरपण वाळवणे.

मग थोड्या पैशांची कामे. चुना, फळ्या, धुराडे, मोरीची फरशी.

शेवटी मोठी कामे. खिडकी आणि ओटा. ही उन्हाळ्यात करावीत. मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर भिंत उघडी पाडू नये.

बैलाची गोठण नीट असावी, मोटारीला विजेचा खांब जवळ असावा, म्हणून आपण पैसा घालतो. त्यात चूक काही नाही. पण घराला दोन वेळचे जेवण जिथून मिळते, त्या जागेची पाळी शेवटी का यावी? कारभाऱ्यांनी एक दिवस चुलीपुढे पाट मांडावा आणि भाकरी होईपर्यंत तिथेच बसून राहावे. धुराडे हवे की नको, हे मग कोणी सांगावे लागणार नाही.

प्रश्न

१. खिडकी पाडताना तुळईचे टोक का पाहावे?
२. धुराला वर वाट हवी आणि गॅसच्या खोलीत खालीही वाट हवी. असे का?
३. सरकारी कार्यक्रमातल्या पुष्कळ चुली बंद का पडल्या?
४. मोरी मधल्या भिंतीला का नसावी?

करून पाहा

आपल्या स्वयंपाकघरात घडवंची आणि चूल यांमधले अंतर मोजा. दिवसात किती फेऱ्या होतात ते विचारा. वर्षाचा हिशेब वहीत मांडा. तो घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.